गिरणीचा भोंगा आणि लिटल रिचर्ड

२०२० सालच्या ९ मे रोजी लिटल रिचर्ड गेला. त्या दिवसांत आमच्या सोसायटीचे फाटक बांबू आडवे बांधून बंद केलेले होते, दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यातून काढल्याशिवाय घरात येत नव्हत्या आणि दूरदेशीच्या मरणाच्या बातम्यांना घरातल्या भीतीपुढे फारसे वजन उरलेले नव्हते. तरीही सत्त्याऐंशी वर्षांच्या या अमेरिकी रॉक अँड रोल गायकाची बातमी वाचून मी थबकले, आणि गंमत अशी की त्याच्या गाण्याच्या आधी मला माझ्या आजोबांचा आवाज आठवला.

आजोबा परळच्या चाळीत राहत आणि एका गिरणीत कारकून होते. बालगंधर्वांची पदे त्यांना तोंडपाठ होती, आणि रविवारी सकाळी दाढी करताना ते आरशासमोर 'नाथ हा माझा' म्हणत. माझा मामा कॉलेजात जाऊ लागला तेव्हा इराण्याच्या हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये चार आणे टाकून एल्व्हिस ऐकण्याचे व्यसन त्याला लागले. एकदा त्याने कुणा मित्राकडून लिटल रिचर्डची तबकडी उसनी आणली आणि आजोबा घरात नाहीत असे समजून ग्रामोफोनवर लावली. आजोबा न्हाणीघरात होते. ते ओल्या अंगाने बाहेर आले, सुई उचलली आणि एवढेच म्हणाले, "हे गाणं आहे की गिरणीचा भोंगा?" तो शब्द आमच्या घरात कायमचा राहिला. पुढे कुठलेही इंग्रजी गाणे लागले की आई म्हणायची, "वाजला भोंगा."

ती बातमी वाचली त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी लॅपटॉप बैठकीच्या खोलीत आणला आणि मुलीला म्हटले, "आज एक जुना सिनेमा बघू. विनोदी आहे."

"जुना म्हणजे किती जुना?"

"तुझी आजी शाळेत होती तेव्हाचा."

तिने मोबाइलवरून मान वर केली नाही, पण उशी घेऊन शेजारी येऊन बसली. टाळेबंदीत तेवढ्यालाही होकारच मानायचे असते.

'द गर्ल कान्ट हेल्प इट' हा चित्रपट ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने १९५६ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित केला. त्याची सुरुवात मी आजवर पाहिलेल्या विनोदी चित्रपटांच्या सुरुवातींपैकी सर्वांत चतुर सुरुवातींमध्ये मोडते. पडदा चौकोनी आणि कृष्णधवल आहे. समारंभाचा काळा पोशाख घातलेला टॉम युएल हा नट समोर येतो आणि हा चित्रपट सिनेमास्कोपच्या भव्य पडद्यासाठी चित्रित केला असल्याचे अदबीने सांगतो. पडदा मात्र चौकोनीच राहतो. तेव्हा तो जरा ओशाळून हाताने पडद्याची कड बाजूला सारतो आणि चित्र सरकत सरकत दोन्ही अंगांना रुंद होते. मग तो रंगांविषयी बोलतो, पण रंग काही येत नाहीत. तो कुणा अदृश्य माणसाकडे नाराजीने पाहतो तेव्हा कुठे रंग भरतात. शेवटी तो संगीताकडे वळतो आणि आजच्या काळाची संस्कृती, तिची सभ्यता आणि तिचे सौष्ठव व्यक्त करणाऱ्या संगीताबद्दल अशी काही वाक्ये जुळवू लागतो की एखाद्या साहित्य संमेलनाच्या स्वागताध्यक्षाची आठवण व्हावी. तेवढ्यात जवळचा ज्यूकबॉक्स सुरू होतो आणि त्यातून फुटलेला लिटल रिचर्डचा आवाज त्याचे सगळे भाषण गिळून टाकतो. युएलचे ओठ हलत राहतात, पण शब्द ऐकू येत नाहीत.

मुलीने मोबाइल खाली ठेवला.

रुंदी, रंग आणि आवाज ही त्या काळच्या हॉलिवूडची तीन शस्त्रे होती, कारण घराघरांत आलेल्या टीव्हीच्या लहानशा करड्या चौकटीने चित्रपटगृहे ओस पडू लागली होती. पहिल्या दोन शस्त्रांची जाहिरात करायला सभ्य गृहस्थ चालतो, आणि तिसरे त्या गृहस्थालाच बाजूला ढकलून आत शिरते. चित्रपटाचा विनोद इथे नव्या संगीतावर आहे, असे पहिल्यांदा पाहताना वाटते. फजिती प्रत्यक्षात कुणाची झाली, हे दुसऱ्यांदा पाहताना ध्यानात येते.

कथानक चार ओळींचे आहे. मार्टी मर्डॉक हा जुगाराच्या यंत्रांच्या धंद्यातला उतरलेला गुंड आहे. एडमंड ओब्रायनने तो इतक्या दणक्यात रंगवला आहे की त्याचा सदरा पाहूनही हसू येते. आपल्या तोलामोलाच्या माणसाने कुणा अनोळखी मुलीशी लग्न करणे बरे दिसत नाही, म्हणून लग्नाआधी वाग्दत्त वधूला प्रसिद्ध गायिका करून घ्यायचे, असा त्याचा हट्ट आहे. त्यासाठी तो टॉम मिलर या दारूत बुडालेल्या प्रसिद्धी-एजंटाला सहा आठवडे देतो. वधू म्हणजे जेन मॅन्सफिल्ड. तिला गायचे नाही. तिला स्वयंपाक करायचा आहे, संसार थाटायचा आहे. शिकवणीला बसवल्यावर ती असा सूर लावते की दिव्याचा बल्ब फुटतो. पण मर्डॉकने तुरुंगात असताना खडी फोडणाऱ्या कैद्यांवर एक रॉक गाणे लिहून ठेवलेले असते, आणि त्या गाण्यात तुरुंगाच्या सायरनची जागा रिकामी असते. तेवढ्या जागी ही मुलगी किंचाळते, आणि ध्वनिमुद्रिका तयार होते.

इथे मी लॅपटॉप थांबवून हसत बसले, आणि मुलीला काही केल्या कारण कळेना. हॉलिवूडच्या एका नामवंत स्टुडिओने लाखो डॉलर ओतून, सिनेमास्कोपमध्ये, जो विनोद उभा केला होता तो माझ्या आजोबांनी ओल्या पंचाने उभे राहून फुकट केला होता. रॉक अँड रोल म्हणजे भोंगा. ज्याला सूर नाही, ताल नाही, तालीम नाही, त्यानेही गावे आणि तारा व्हावे. परळच्या कारकुनाचे आणि कॅलिफोर्नियातल्या दिग्दर्शकाचे यावर पूर्ण एकमत होते.

चित्रपटाचा दिग्दर्शक फ्रँक टॅशलिन याचा मूळ धंदा व्यंगपटांचा. वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगचित्रविभागात त्याने पॉर्की पिग या डुकराचे अनेक लघुपट केले होते. माणसांचे चित्रपट करू लागल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही. त्याच्या हातात आलेला नट हा रबराचाच असल्यासारखा वागतो आणि वस्तू माणसांसारख्या वागतात. जेन मॅन्सफिल्ड सकाळी मिलरच्या घराकडे चालत निघते, मागे लिटल रिचर्ड चित्रपटाचे शीर्षकगीत गात असतो, आणि रस्त्यात जे घडते ते पॉर्की पिगच्या जगातच घडू शकते. बर्फवाल्याच्या हाताखालची लादी तिला पाहताच वितळते. दूधवाल्याच्या हातातली बाटली उकळून फसफसते. जिन्यातल्या गृहस्थाच्या चष्म्याच्या काचा तडकतात. ती मिलरच्या दाराशी पोहोचते तेव्हा तिच्या दोन हातांत दुधाच्या दोन बाटल्या आहेत आणि त्या तिने कुठे धरल्या आहेत हे सांगण्याची गरज नाही.

"शी, आई," मुलगी म्हणाली. "हे विनोदी आहे?"

मी म्हटले की त्या काळी होते. ती म्हणाली की त्या काळी त्या बाईला कुणी विचारले होते का. या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळून मी चित्रपट पुढे चालू केला, पण तो प्रश्न चित्रपटाने स्वतःलाही विचारलेला आहे, हे पुढच्या अर्ध्या तासात आम्हा दोघींना कळले. ही मुलगी साऱ्या पुरुषांना सांगत असते की मला तारका व्हायचे नाही, आणि कुणीही ऐकत नाही. शेवटी ती रंगमंचावर जाऊन व्यवस्थित, सुरात गाते आणि कबूल करते की गाता येत नसल्याचे तिने सोंग घेतले होते. भोंगा हे तिचे नाकारण्याचे हत्यार होते. टॅशलिनला स्त्रियांची कणव होती असा माझा दावा नाही. बाटल्यांचा विनोद त्यानेच रचला आहे. पण जाहिरात, टीव्ही, ज्यूकबॉक्स आणि प्रसिद्धी या साऱ्या यंत्रणेबद्दल त्याला मनापासून तिटकारा होता, आणि त्या तिटकाऱ्याच्या कडेला हिच्यासाठी थोडी जागा झाली आहे.

मला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. हा चित्रपट रॉक अँड रोलची टर उडवायला निघाला आणि गाणी सुरू झाली की टर उडवायची विसरला. आपल्याकडच्या वगात सोंगाड्याची बतावणी रंगात आलेली असते, ढोलकीवर थाप पडते आणि मग लावणी संपेपर्यंत सोंगाड्या बाजूला उभा राहतो. तसेच इथे घडते. लिटल रिचर्ड एका नाइटक्लबात पियानोपुढे उभा आहे. बसलेला नाही, उभा. केसांचा उंच तुरा, बारीक मिशी, पाय पसरलेले, आणि दोन्ही हात पियानोवर असे पडताहेत की ते वाद्य आहे की पाटा-वरवंटा असा प्रश्न पडावा. कॅमेरा त्याच्याकडे पाहताना डोळा मिचकावत नाही. समोर बसलेल्या श्रीमंत गिऱ्हाइकांचे चेहरे विनोदी असतील, मिलर आणि मॅन्सफिल्ड यांचा क्लबच्या मालकाला गटवण्याचा उद्योग विनोदी असेल, पण रिचर्ड विनोदी नाही.

याचे एक कारण तांत्रिक असावे, असे मला वाटते. कॅमेरामन लिऑन शॅमरॉय हा हॉलिवूडमधल्या बड्या असामींपैकी एक होता. सिनेमास्कोपचा पहिला प्रदर्शित चित्रपट, १९५३ चा 'द रोब', त्यानेच चित्रित केला होता. ख्रिस्ताच्या अंगरख्याची गोष्ट ज्या रुंदीत आणि ज्या रंगांत त्याने सांगितली, त्याच रुंदीत आणि तशाच झळाळत्या रंगांत त्याला तीन वर्षांनी जॉर्जियातल्या मेकन गावच्या बसस्थानकावर एकेकाळी बशा विसळणारा रिचर्ड पेनिमन उभा करावा लागला. एवढ्या रुंद चौकटीत सगळा ताफा एका वेळी मावतो. चेहऱ्यावरून हातांवर आणि हातांवरून सॅक्सोफोनवर उड्या मारत बसावे लागत नाही. पाहणाऱ्याला हवे तिथे पाहता येते आणि गाणे सलग राहते. पैसा आणि कारागिरी ज्या आदराने बायबलला मिळत होती, ती त्या आदरासकट चुकून या पोरांच्या वाट्याला आली.

त्याच सुमाराला रॉकचे दुसरे चित्रपट निघत होते ते पाहिले म्हणजे हा फरक कळतो. १९५५ साली 'ब्लॅकबोर्ड जंगल' या गंभीर चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर बिल हेलीचे 'रॉक अराउंड द क्लॉक' वाजले आणि ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सॅम कॅट्झमन या निर्मात्याने ताबडतोब त्याच गाण्याचे नाव देऊन १९५६ साली एक स्वस्तातला, कृष्णधवल चित्रपट काढला. इंग्लंडमध्ये तो पाहताना पोरे खुर्च्या सोडून मधल्या वाटेत नाचली आणि काही ठिकाणी खुर्च्याही फाटल्या. 'रॉक, रॉक, रॉक' नावाच्या आणखी एका चित्रपटात तेरा वर्षांची ट्युझडे वेल्ड नायिका होती, तिला गाण्यासाठी कॉनी फ्रान्सिसचा आवाज दिला होता आणि मध्येच चक बेरी येऊन एक गाणे म्हणून जात होता. हे चित्रपट पोरांच्या बाजूने होते, पण घाईत होते. लाट ओसरण्याआधी पैसे वसूल करायचे होते. टॅशलिन पोरांच्या बाजूने नव्हता आणि त्याला घाई नव्हती. नावडत्या पाहुण्याला चांदीच्या ताटात वाढावे तसे त्याने या संगीताला वाढले.

ओठ मात्र खोटे हलतात. गाणी आधी ध्वनिमुद्रित केलेली आहेत आणि पडद्यावर गायक त्यांना तोंड देतात. मुलीच्या हे लगेच लक्षात आले. "गिटारला वायरच नाहीये," ती म्हणाली. लताबाईंच्या आवाजात तीन पिढ्यांच्या नायिकांना गाताना पाहिलेल्या आपण याला दोष देऊ नये, असे मी तिला सांगितले.

जीन व्हिन्सेन्ट आणि त्याचे निळ्या टोप्यांचे साथीदार तालमीच्या एका खोलीत 'बी-बॉप-अ-लूला' गातात. खोली साधी आहे, प्रेक्षक जवळजवळ नाहीत, आणि म्हणूनच ते गाणे मला सर्वांत खरे वाटते. पोरे एकत्र जमून वाजवत बसली आहेत, बस्स. फॅट्स डॉमिनो येतो तो 'ब्लू मंडे' गायला. सोमवारचा वैताग, आठवडाभराची मरमर, शनिवारची चंगळ आणि रविवारचे जड डोके हा त्या गाण्याचा विषय, आणि तो इतक्या गोड, गोल, खाऊन-पिऊन सुखी आवाजात म्हटलेला आहे की तक्रार आणि समाधान यांत फरक उरत नाही. गिरणीतल्या कारकुनाला हे गाणे समजले असते. त्याला कुणी अर्थ सांगितला नाही, एवढेच.

डॉमिनोच्या गाण्यावर मुलगी नकळत टाळी देऊ लागली आणि तिची टाळी चुकत होती. आपली टाळी समेवर पडते. चार मात्रांचे आवर्तन धरले तर आपला हात पहिल्या मात्रेला शोधतो, कारण भजनापासून आरतीपर्यंत सगळे आपल्याला तसेच शिकवले गेले आहे. या संगीतात ड्रमवाल्याची काठी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कडाडते, आणि टाळीही तिथेच पडावी लागते. पहिल्या मात्रेवर टाळी दिली की गाणे चालते, दुसरीवर दिली की ते मागून कुणी ढकलल्यासारखे धावते. मी तिला हे दाखवले. चौथ्या प्रयत्नाला तिला जमले आणि ती म्हणाली, "अगं, हे तर उलटं आहे!" आजोबांना ते नेमके उलटेच वाटले असणार. सम जिथे आहे तिथे कुणी नाही, आणि जिथे काही नाही तिथे सगळे जोर लावताहेत.

आणि मग एडी कॉकरन. तो चित्रपटात प्रत्यक्ष कुणाला भेटत नाही. तो टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. गिटार गळ्यात, पाय थरथरताहेत, आणि तो वीस मजले जिने चढून प्रेयसीकडे जाणाऱ्या आणि वर पोहोचेपर्यंत दमून गेलेल्या पोराचे गाणे गातो आहे. चित्रीकरणाच्या वेळी तो अठराच्या आसपासचा होता आणि त्याचे एकही गाणे तोवर गाजलेले नव्हते. कथेत त्याचा उपयोग दाखला म्हणून केला आहे: पाहा, याने कुठे आवाज कमावला आहे, तरी हा तारा झालाच ना, मग आपल्या पोरीला काय अशक्य आहे? चित्रपटाचा सगळा उपरोध या एका प्रसंगात गोळा झालेला आहे. शहाण्या, वयस्क प्रेक्षकाने इथे हसावे अशी अपेक्षा आहे.

इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातली पोरे हसली नाहीत. त्यांनी तो टोमणा निमंत्रणासारखा ऐकला. आवाज कमावलेला लागत नाही, वाद्यवृंद लागत नाही, एक गिटार आणि थरथरणारे दोन पाय पुरतात, हे त्यांना यापूर्वी कुणी इतक्या मोठ्या पडद्यावर, इतक्या रंगांत सांगितलेले नव्हते. १९५७ सालच्या ६ जुलैला वूल्टन या उपनगरात चर्चच्या जत्रेत सोळा वर्षांचा जॉन लेनन आपल्या पोरकट वाद्यमेळ्यासह गायला. नंतर त्याची ओळख एका मित्राने पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीशी करून दिली. पॉल डावखुरा, त्याने उसनी गिटार उलटी धरली आणि कॉकरनचे तेच वीस मजल्यांचे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता म्हणून दाखवले. लेननला गाण्यांचे शब्द आठवत नसत आणि तो ते जागच्या जागी बनवत असे, त्यामुळे त्याच्यावर सर्वांत मोठी छाप पडली ती शब्द पाठ असण्याची. बीटल्स या वाद्यमेळ्याची गोष्ट तिथून सुरू झाली. एका विनोदी चित्रपटात हिणवण्यासाठी ठेवलेले गाणे प्रवेशपरीक्षा होऊन बसले.

मी हे सांगितले तेव्हा मुलीने ते गाणे मागे नेऊन पुन्हा लावले. तिला कॉकरनच्या गाण्यापेक्षा त्याच्या चेहऱ्यात अधिक रस असावा, असे मला वाटले, पण मी काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र पुन्हा पाहताना टोचते. या चित्रपटात कृष्णवर्णी कलावंत पुष्कळ आहेत: लिटल रिचर्ड, डॉमिनो, प्लॅटर्स, ट्रेनियर्स, ॲबी लिंकन. सगळे गातात, आणि त्यांतल्या कुणालाही कथेत शिरायला दार नाही. ते मंचावर येतात, आग लावतात आणि दिवे मालवले की जातात. गोऱ्या पात्रांच्या सुखदुःखाशी त्यांचा संबंध येत नाही. ॲबी लिंकनचा प्रसंग यात सर्वांत विलक्षण. तिला १९५३ साली 'जेंटलमेन प्रेफर ब्लॉन्ड्स' मध्ये मेरिलिन मन्रोने घातलेला पोशाख चढवून उभे केले आहे, आणि त्या उसन्या पोशाखात ती चर्चच्या भक्तिगीताच्या ढंगाचे गाणे म्हणते. या चित्रपटानंतर चार वर्षांनी तीच बाई मॅक्स रोच या ड्रमवादकाबरोबर कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्यावरच्या 'वुई इन्सिस्ट!' या ध्वनिमुद्रिकेत गायली, आणि तो पोशाख आपण भट्टीत टाकला असे तिने पुढे सांगितले. पडद्यावर ती सुंदर दिसते. ती सुंदर दिसावी म्हणूनच तो पोशाख होता, आणि तेवढ्यासाठीच तो जळाला.

मिलरचे स्वतःचे मन या नव्या संगीतात नाही, हेही सांगायला हवे. त्याच्या डोक्यात ज्युली लंडन आहे. ही गायिका चित्रपटात स्वतःच्याच नावाने, भासाच्या रूपाने येते. मिलर दारू पिऊन घरी येतो, तिची तबकडी लावतो, आणि ती त्याला बिछान्यावर, स्वयंपाकघरात, जिन्यात, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या झग्यात दिसते आणि 'क्राय मी अ रिव्हर' हे संथ, कानात कुजबुजल्यासारखे गाणे म्हणत राहते. त्याची घाबरगुंडी विनोदी आहे, तिचे गाणे मुळीच विनोदी नाही. टॅशलिनच्या पिढीचे प्रेम कशावर होते हे इथे उघडे पडते. त्यांना रात्र, एकटेपणा आणि एक गिटार असलेले गाणे कळत होते. दिवसाढवळ्या पियानो बडवणारा माणूस त्यांना हवामानातल्या बिघाडासारखा वाटत होता. आणि तरी दोन्ही गाणी एकाच चित्रपटात, एकमेकांना न मारता नांदतात. वयस्क माणसाच्या आवडीनिवडीबद्दल मला यापेक्षा प्रामाणिक काही आठवत नाही, कारण वयाच्या पन्नाशीनंतर मीही रात्री ज्युली लंडन ऐकते आणि भांडी घासताना लिटल रिचर्ड.

हॉलिवूडच्या इतर विनोदांनी रॉकला असे नांदू दिले नाही. १९५७ च्या 'सिल्क स्टॉकिंग्ज' मध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या फ्रेड अस्टेअर या नर्तक-नटाने कोल पोर्टरने नव्या संगीताची थट्टा म्हणून लिहिलेल्या गाण्यावर नाच केला आणि शेवटी आपली उंच रेशमी टोपी स्वतःच चिरडली. तो विनोद आहे की शोक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. १९६३ चा 'बाय बाय बर्डी' हा सैन्यात भरती झालेल्या एल्व्हिसवरचा विनोद, पण तोवर एल्व्हिस सैन्यातून परत येऊन तीन वर्षे झाली होती आणि कुणालाच कुणाची भीती उरलेली नव्हती.

त्याच १९५७ साली मुंबईत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'आशा' चित्रपटासाठी 'ईना मीना डीका' बांधले आणि किशोरकुमार ते गात जमिनीवर लोळला. आशाबाईंनी गायलेले रूपही त्याच चित्रपटात आहे. गाण्यातले 'माका नाका' हे शब्द अस्सल कोकणी आहेत, आणि त्या काळच्या हिंदी वाद्यवृंदांत गोव्याचे वादक किती होते हे माहीत असलेल्याला त्याचे नवल वाटू नये. तिथे कुणी रॉकची टर उडवायला बसले नव्हते आणि कुणी त्याचे गोडवेही गात नव्हते. गाणे मिळाले, ठेका मिळाला, गंमत केली. दिल्लीत मात्र त्याच वर्षांत माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर हे आकाशवाणीवरची चित्रपटगीते आवरण्याच्या प्रयत्नात होते आणि सारा देश त्यांना बगल देऊन रेडिओ सिलोन लावत होता. आमच्या आजोबांचा केसकरांना पाठिंबा होता.

चित्रपट संपतो तो मर्डॉकवर. त्याने ज्यूकबॉक्सच्या धंद्यातल्या दुसऱ्या गुंडाशी वैर घेतलेले असते आणि मारेकरी प्रेक्षागृहात बसलेला असतो. जीव वाचवायला दुसरा मार्ग नाही म्हणून तो पोट सुटलेला, घोगऱ्या आवाजाचा गुंड मंचावर उभा राहून आपले खडीफोडीचे गाणे म्हणतो, लोक वेडे होतात, आणि प्रतिस्पर्धी गोळी घालायचे सोडून त्याच्याशी करार करतो. ज्यूकबॉक्सच्या धंद्यातली गुंडगिरी ही टॅशलिनची कल्पना नव्हती. पुढच्या तीनेक वर्षांत अमेरिकी सिनेटच्या मॅक्लेलन समितीपुढे तिच्या साक्षी झाल्या. चार आणे कुठे जात होते हे मामाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी त्याने ते टाकलेच असते.

यातले काही जण फार जगले नाहीत, आणि एकाने तर वाटच बदलली. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर लिटल रिचर्डला देवाचे बोलावणे आले आणि त्याने ऐन भरात रॉक सोडून धर्मोपदेशाची वाट धरली. तो पुढे परतला, पुन्हा गेला, पुन्हा परतला. एडी कॉकरन १९६० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या चिपनहॅमजवळ टॅक्सीच्या अपघातात एकविसाव्या वर्षी गेला. त्याच टॅक्सीत जीन व्हिन्सेन्ट होता, तो वाचला. जेन मॅन्सफिल्ड १९६७ च्या जूनमध्ये न्यू ऑर्लीन्सकडे जाताना, मोटारीच्याच अपघातात गेली. ती चौतीस वर्षांची होती. त्यानंतर वर्षभराने, १८ सप्टेंबर १९६८ ला, बीटल्स लंडनच्या स्टुडिओत 'बर्थडे' या गाण्याचे ध्वनिमुद्रण करत होते, आणि त्या रात्री बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर हा चित्रपट लागणार होता. जगातला सर्वांत महागडा वाद्यमेळा काम अर्धवट टाकून जवळच असलेल्या पॉलच्या घरी गेला, सगळ्यांनी बसून चित्रपट पाहिला, आणि मग परत येऊन त्यांनी गाणे पुरे केले. 'बर्थडे' ऐकले की त्यातला गिटारचा पहिला तुकडा कुणाच्या घरून आला आहे ते लगेच कळते.

रात्री साडेअकराला मी मामाला फोन केला. तो दादरला एकटा राहतो, पॉल मॅकार्टनीच्याच वयाचा आहे, म्हणजे त्या मे महिन्यात अठ्ठ्याहत्तराव्या उंबरठ्यावर होता, आणि टाळेबंदीत त्याची झोप साफ उडालेली होती. मी त्याला बातमी सांगितली. त्याला ती सकाळीच कळली होती.

"मामा, तू ती तबकडी कुणाकडून आणली होतीस?"

"कुणाकडून का आणेना. परत द्यायची राहिली ती राहिलीच." थोडा वेळ तो गप्प राहिला. "बाबांनी सुई अशी उचलली ना, त्या तबकडीवर चरा पडला. मग द्यायची कशी?"

मी त्याला सायरनच्या गाण्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मला ऐकव. मुलीने लॅपटॉपवर ते गाणे शोधले आणि मी फोन त्याच्या जवळ धरला. वाद्ये सुरू झाली, कैद्यांचे घण पडू लागले, आणि ठरल्या जागी जेन मॅन्सफिल्डची किंकाळी आली. पलीकडून मामाचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला आणि मग तो परळच्या चाळीतल्या स्वरात ओरडला, "अगं, बंद कर तो भोंगा!" मुलगी बंद करायला गेली तेव्हा म्हणाला, "तिला म्हणावं, राहू दे. पहिल्यापासून लाव."